सांगलीत महिन्याला एक विज्ञान-रविवार: कुठं घ्यायचा, कुणासाठी घ्यायचा?

कृष्णाकाठ

सांगली-मिरजेत विज्ञानाची व्याख्यानं होतात, पण ती जवळजवळ सगळी २८ फेब्रुवारीच्या आगेमागे. रामन परिणामाचा शोध १९२८ साली याच दिवशी लागला आणि १९८७ पासून आपण तो राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो, हे चांगलंच आहे. अडचण पुढची आहे. त्या एका आठवड्यात एकेका वक्त्याला चार-चार बोलावणी असतात, आणि मार्च लागला की परीक्षा, मग ऊन, मग पाऊस. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत कुणी विषय काढत नाही.

दुसरी अडचण कार्यक्रमाच्या बांधणीची. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, सत्कार. वक्त्याच्या हाती माईक येईपर्यंत पाऊण तास गेलेला असतो, आणि वेळ कमी पडला की कात्री लागते ती प्रश्नोत्तरांना. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मुलांना घेऊन अशा कार्यक्रमांना जाणं होतं. खरे प्रश्न मला जिन्यात ऐकू येतात. कृष्णविवरांवरच्या एका चांगल्या भाषणानंतर सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, औदुंबरला मगर तोंड उघडं टाकून पडलेली असते, ती चावायला टपलेली असते का?" मी सांगितलं की मगरीला आपल्यासारखा घाम येत नाही, उन्हात अंग शेकताना डोकं फार तापू नये म्हणून ती जबडा उघडा ठेवते. मग जे प्रश्न सुरू झाले ते बस येईपर्यंत संपले नाहीत. कृष्णविवरांवर बोलू नये असं माझं म्हणणं नाही. पण जी मगर, जो साप, जो पूर आपल्या दाराशी आहे, त्यावर मराठीत, निवांत, अधेमधे विचारू देत बोलणारंही कुणीतरी हवं.

म्हणून हा प्रस्ताव. दर महिन्याचा दुसरा रविवार धरायचा. वार ठरलेला असला की लोकांच्या मागं लागावं लागत नाही. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेनं शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं वर्षानुवर्षं चालवली, ती अशीच अंगवळणी पडली. व्याख्यानमाला तर आपल्याला नवीन नाहीत. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची आहे. बोलणं अर्धा तास, प्रश्न तासभर. हार नाही, शाल नाही. आणि शक्य असेल तिथं सभागृह सोडून ती गोष्ट जिथं आहे तिथंच जायचं.

तारखाही जुळून येताहेत. ९ नोव्हेंबर २०२५ चा रविवार पक्षी सप्ताहात येतो. (मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, तो हा आठवडा.) डिसेंबरात मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाची रात्र १३ची, म्हणजे उजाडतो तो महिन्याचा दुसरा रविवारच. १० जानेवारीला गुरू प्रतियुतीत, म्हणजे आपल्याकडून सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो, त्यामुळे ११ तारखेला तो रात्रभर आकाशात असेल. मतं, आक्षेप, भर, सगळं लिहा.

आमराई_फेरी

अनुमोदन. ९ तारखेची पक्षीफेरी माझ्याकडं लागली. सकाळी साडेसहाला आमराई, तिथून चालत घाटावर.

एक सुचवतो. पहिल्याच फेरीत लोकांना दुर्मिळ काही दाखवायच्या मागं लागू नये. कावळ्यापासून सुरुवात करू. मानेभोवती राखाडी पट्टा असलेला गावकावळा आणि सगळा काळा, जाड चोचीचा डोमकावळा हे दोन वेगळे पक्षी आहेत, हे कळलं की माणूस थांबून बघायला लागतो. मग घाटावर नदी सुरय पाण्यावर कशी घिरट्या घालते आणि एकदम सूर मारते, खंड्या तारेवरून कसा उतरतो, धोबी पक्षी शेपटी वरखाली करत कसा चालतो, हे लोक आपणहून टिपतात. पांढरा धोबी उन्हाळ्यात आपल्याकडं नसतो, थंडीला येतो. कुठून येतो, कसा येतो, हा प्रश्न तिथंच निघतो.

दोन अटी मात्र राहतील. एका गटात वीस-पंचवीसच माणसं, आणि मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बाहेर काढायचं नाही. पक्ष्याला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरला, तो आपलं खाणं सोडून तिकडं धावतो.

हरिपूरकर

महापुरावर एक रविवार ठेवा, आणि तो मे महिन्यात ठेवा, पूर येऊन गेल्यावर नको.

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या घराघरांत दर तासाला आयर्विन पुलाची पातळी बघितली जाते. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या गल्लीत होड्या चालल्या. पण "कोयनेतून इतके क्युसेक सोडले" अशी बातमी आली की त्याचं काय करायचं ते कुणाला कळत नाही. मग अफवा पसरतात, रात्री बारा वाजता सामान माळ्यावर चढतं, नाहीतर चढवायला हवं तेव्हा चढत नाही.

हे गणित अवघड नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एक लाख क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की ८.६४ टीएमसी होतं. कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. एवढं एकदा फळ्यावर मांडलं की धरण किती भरलंय, किती सोडतायत, ते किती दिवस पुरेल हे आपलं आपल्याला काढता येतं. आठवीतला मुलगा काढू शकतो.

पण नुसतं कोयनेवर बोट ठेवूनही भागत नाही. धरणाच्या खाली पडणारा पाऊस थेट नदीत येतो, त्याला दरवाजे नाहीत. आमच्या हरिपूरच्या संगमावर वारणा येऊन मिळते, खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. या नद्याही भरून आल्या की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं येतो. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाबद्दल तर दरवर्षी भांडण होतं. त्यावर नदी अभियांत्रिकी शिकवणारं कुणीतरी समोर बसून, आकडे घेऊन, शांतपणे बोललं तर ऐकायला अख्खं हरिपूर येईल. वालचंद महाविद्यालय गावातच आहे. जाणकार माणूस बाहेरून आणायला नको.

जागा सांगतो. आयर्विन पुलापासून संगमापर्यंत चालत जायचं. वाटेत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा ज्या भिंतींवर लोकांनी जपल्यात तिथं थांबायचं. ज्याच्या घराची भिंत, तो बोलेल. मग संगमेश्वराच्या घाटावर बसून गणित.

डॉ_मिरज

हरिपूरकर, तुमचा रविवार नक्की व्हावा, मीही येईन.

माझा आग्रह सर्पदंशासाठी आहे. ऊस तोडणीचा हंगाम तोंडावर आलाय. टोळ्या येतील, नदीकाठानं आणि कारखान्यांभोवती त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या पडतील, माणसं जमिनीवर झोपतील. रात्री चावणारा मण्यार अशाच ठिकाणी फिरतो. त्याचा दंश जवळजवळ दुखतच नाही. माणूस डास चावला समजून कूस बदलतो, आणि पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, उघडत नाहीत. घरचे म्हणतात झोप पुरी झाली नसेल. त्या पापण्या ओळखता आल्या तर जीव वाचतो. मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून घ्या, एवढा एक सल्लासुद्धा फार मोठा आहे.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून आपल्याकडं एकच प्रतिविष असतं. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतं. साप मारून, पकडून दवाखान्यात आणायची गरज नाही. त्यात वेळ जातो आणि आणखी एकाला दंश होतो. घोणशीच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, ते आम्ही अगदी साध्या चाचणीनं बघतो. स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत थोडं ताजं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं नळी अजिबात हलवायची नाही, मग तिरकी करायची. रक्त घट्ट झालं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर विष चढलंय. नळी साबणानं धुतलेली असली तर चाचणी फसते, म्हणून नवी. हे मी लोकांना दाखवतो तेव्हा वीस मिनिटं कुणी जागचं हलत नाही, आणि त्या वीस मिनिटांत बाकीचं सगळं सांगून होतं. आवळून बांधू नका, ब्लेड मारू नका, चोखू नका, चावलेला हातपाय काठीला बांधून स्थिर ठेवा आणि गाडी काढा.

हे भाषण शहरात घेऊ नका. कोप्यांवर घ्या, संध्याकाळी सातनंतर, टोळी परत आल्यावर. बायका भाकरी करत असतात, त्यांच्या शेजारी बसूनच बोलायचं.

वाटसरू_विश्रामबाग

डॉक्टर, जिवंत साप दाखवल्याशिवाय लोक जमत नाहीत, हा माझा अनुभव आहे. पूर्वी एका शाळेत सर्पमित्र आले होते, सगळी शाळा मैदानात होती. नुसती काचेची नळी बघायला कोण येईल?

डॉ_मिरज

लोक जमतात हे खरं. पण घरी काय घेऊन जातात? साप मानेला धरता येतो, हेच. माझ्याकडं दंश होऊन येणाऱ्यांत अशी तरणी पोरं असतात ज्यांनी कुणाचं तरी बघून हात घातला. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं साप पकडून त्यांचे खेळ करता येत नाहीत. मोठे रंगीत फोटो आणू, कात आणू. धामणीची कात आणि नागाची कात शेजारी ठेवली तरी लोक वाकून वाकून बघतात.

शिराळकर

सापाचा विषय निघाला की बत्तीस शिराळ्याचं नाव येणार, म्हणून आधीच लिहितो. बाहेरून येणारे वक्ते आमच्याकडं येऊन आधी आमच्या नागपंचमीवर बोट ठेवतात, मग विज्ञान सांगतात. तोवर माणसं उठून गेलेली असतात.

प्रकरण न्यायालयात गेलं, जिवंत नाग पकडून पूजण्यावर बंधनं आली, हे गावानं सोसलंय. नाग दूध पीत नाही हे आम्हाला पुस्तकातून कळायची गरज नव्हती, आमच्या म्हाताऱ्यांना ते माहीत होतं. साप मारायचा नाही ही आमच्याकडची फार जुनी शिस्त आहे. नाग कुठल्या बांधाला राहतो, पावसाच्या आधी कुठं सरकतो, वारुळातून कधी बाहेर येतो, हे सांगणारी माणसं अजून आहेत, आणि ती आता थकलीत. तुमच्या अभ्यासकाला त्यांच्यापुढं अर्धा तास ऐकायला बसवा आणि मग बोलू द्या. असं होणार असेल तर ओट्याची आणि चहाची व्यवस्था माझी.

कृष्णाकाठ

शिराळकर, तुमची अट मान्य आहे, आणि ती सगळ्याच ठिकाणी लावावी असं मला वाटतं. आधी गावातल्या जाणत्या माणसानं बोलायचं, मग पाहुण्यानं. नदीवर भोई-कोळी बोलतील, माळावर धनगर बोलतील. डॉक्टर, कोप्यांवरचा कार्यक्रम दुसऱ्या रविवारी अडकवू नका, हंगाम सुरू झाला की तुमच्या सवडीनं घ्या. मी दोन शिक्षक मदतीला देते.

पलूसकर_मळीवाला

बाई, समदं वाचलं. चांगलं चाललंय. पण मगरीवर घ्यायचं असंल तर आमच्या हितं येऊन घ्या, अन् आमच्यासाठी घ्या.

थंडी पडली की भिलवडी, औदुंबर, अंकलखोपच्या काठाला लोकं गाड्या घेऊन मगर बघाय येत्यात. फोटो काढत्यात, मगर हलावी म्हणून दगड मारत्यात, अन् जात्यात. त्याच पाण्यात दुसऱ्या दिवशी मी उतरतो. मोटरीच्या फूटव्हॉल्व्हला, म्हंजी पाण्यातल्या पायपाच्या तोंडाला, प्लास्टिक नायतर जलपर्णी अडकली की पाणी वढत न्हाई, हात घालून काढावं लागतंय. लाईट रात्रपाळीची असली की रात्री दोनला, एका हातात बॅटरी. बायका धुणं घेऊन जात्यात, म्हशी पाण्यात बसत्यात, पोरं पवायला जात्यात. त्यामुळं मला मगरीचं शास्त्रीय नाव नको. ती कवा कुठं असती, अंडी कवा घालती, घरट्यापासनं किती लांब ऱ्हायचं, रात्री पाण्यात हाय का न्हाई हे कसं वळखायचं, अन् म्हस धरली तर पंचनामा कुणी करायचा, एवढं सांगणारा माणूस आणा.

अन् अजून एक. वाळू उपसून उपसून काठ खाली गेला. जिथं ती अंडी घालायची ती वाळूच ऱ्हायली न्हाई. मग ती वर मळीत, काठच्या शेतात, येणार न्हाई तर काय करणार? हे पण त्या साहेबानं सगळ्यांच्या म्होरं बोलावं.

आमराई_फेरी

दादा, तुमचे प्रश्न म्हणजे व्याख्यानाचा आराखडाच आहे. पूर्ण उत्तरं तिथं होतीलच, थोडं इथं लिहितो.

मगर काठाच्या वाळूत किंवा भुसभुशीत मातीत खड्डा करून अंडी घालते, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. एका घरट्यात पंचवीस-तीस अंडी असू शकतात. दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर पिल्लं निघतात. खड्ड्यातली उष्णता किती, त्यावर नर होणार की मादी हे ठरतं, म्हणून घरटं उकरून दुसरीकडं हलवणं पिल्लांच्या मुळावर येतं. या काळात मादी जवळच असते आणि ती सहसा हटत नाही. घरटं दिसलं की काठावर काठ्या रोवून लाल फडकं बांधा, वनविभागाला कळवा आणि धुण्याची जागा तेवढे दिवस बदला.

रात्रीचं. पाण्यात उतरायच्या आधी बॅटरी डोळ्यांच्या उंचीला धरून पाण्यावरून सावकाश फिरवा. मगरीच्या डोळ्यांत मागं चकाकणारा पडदा असतो, त्यावरून उजेड परत येतो आणि तांबूस निखारा दिसतो. बॅटरी कमरेजवळ धरली तर तो दिसत नाही, डोळ्याजवळच हवी. निखारा दिसला तर ती तिथं आहे. दिसला नाही म्हणजे नाहीच असं मात्र समजू नका, ती बुडी मारून बराच वेळ राहू शकते. म्हणून फूटव्हॉल्व्हला बाहेरून जाळीची टोपली बसवून, ती दोरीनं वर ओढून साफ करता येईल का, हे एखाद्या मोटर मेकॅनिकला कार्यक्रमात बोलावून बघू.

माणसावर किंवा जनावरावर हल्ला झाला तर वनविभागाकडून भरपाई मिळते, मगरीचा त्यात समावेश आहे. लगेच कळवणं आणि पंचनाम्याआधी जनावर न हलवणं महत्त्वाचं. त्यासाठी वनपालांनाच बोलावू, अर्जाचे कोरे नमुने घेऊन.

दोन_मुलांची_आई

सगळेच विषय सुरेख. पण रविवारी सकाळी साडेसहाला मी येऊ शकत नाही, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणी येऊ शकत नाहीत. रविवारीच घरात काम जास्त असतं. दुपारी चारला ठेवलंत तर पोरांना घेऊन येईन, सासूबाईंनाही आणीन. बायकांसाठी स्वच्छतागृह कुठं आहे ते पत्रकात छापा. घाटावर, माळावर ही सोय नसली की आम्ही येत नाही, आणि का येत नाही ते कुणी विचारतही नाही.

विषयही सुचवते. ७ सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होतं. माझी जाऊ सात महिन्यांची गरोदर होती. तिला रात्री पाणीसुद्धा देत नव्हते, पहाटेपर्यंत सरळ झोपवून ठेवलं. मी बोलले तर घरात वाद झाला. तेच एखाद्या डॉक्टरबाईंनी ग्रहणाच्या आठवडाभर आधी अंगणवाडीत येऊन सांगितलं असतं, की पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, तिचा पोटातल्या बाळाशी संबंध नाही, पण बाईनं तासनतास पाणी न पिण्याचा आहे, तर सासूबाईंनी ऐकलं असतं. त्यांचा विरोध नसतो, त्यांना भीती असते. पुढची ग्रहणं कधी आहेत ते बघून तारखा आत्ताच धरून ठेवा.

दुर्बीण

ग्रहणाचं काम मी आणि डॉक्टर मिळून करू. ३ मार्च २०२६ ला चंद्रग्रहण आहे, आपल्याकडं चंद्र उगवतानाच त्याचा शेवटचा भाग दिसेल. त्याआधीच्या आठवड्यात अंगणवाड्या धरू.

सध्या संध्याकाळी शनी चांगला दिसतोय म्हणून दुर्बीण लावतो, तर लोक म्हणतात कडी कुठायत? यंदाच्या मार्चमध्ये शनीच्या कड्यांची नुसती धार आपल्याकडं आली, आणि आत्ताही ती इतकी कमी कललेली आहेत की बारीक रेघ दिसते. गॅलिलिओला १६१२ साली हाच धक्का बसला होता. आधी बघितलेलं काहीतरी त्याला एकाएकी दिसेना. साधारण पंधरा वर्षांनी ही वेळ येते. मी पुठ्ठ्याची चकती घेऊन जातो, मध्ये चेंडू, आणि ती मुलांच्या डोळ्यांसमोर तिरकी-आडवी करतो. मग ती रेघ बघायला पुन्हा रांग लागते, आणि ही रांग आधीच्यापेक्षा जास्त वेळ थांबते.

१३ डिसेंबरला दुर्बीण लागणारच नाही. सतरंजी, कानटोपी आणि काळोख पुरे. मिथुन रास रात्री आठच्या सुमारास वर येते, उल्का जास्त दिसतात मध्यरात्रीनंतर. चंद्राची कोर उशिरा उगवते, म्हणजे बराच वेळ अंधार मिळेल. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या मागं राहिलेल्या धुळीचे असतात. हा फेथन नावाच्या लघुग्रहाचा आहे, जो १९८३ साली सापडला. सांगलीत दिव्यांमुळं निम्म्या उल्का दिसणारच नाहीत. अंधारी जागा कुणी देईल का?

माणदेशी

अंधार हवा असेल तर आटपाडीकडं या. आमचा माळ मोकळा आहे, शेताला शेड आहे, विहिरीला कठडा आहे (मुलं असणार म्हणून सांगतो), आणि घरात बायकांची सोय आहे.

मात्र एवढं आलाच आहात तर सकाळी थांबा. सगळा धागा नदीभोवती फिरतोय. आमच्याकडच्या माळाला कागदोपत्री पडीक म्हणतात, आणि त्या पडीक जागेत धाविक, चंडोल, खोकड, लांडगा राहतो. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून डाळिंब, ऊस वाढला, त्यात आमचं भलं झालं हे खरंच. माळ त्याबरोबर कमी होतोय हेही खरं. थंडीत ज्वारीवर भोरड्या उतरतात, हजारोंनी, थवा वळला की आभाळाचा रंग बदलतो. मेंढ्या राखणाऱ्यांना लांडग्याबद्दल जे माहीत आहे ते ऐकण्यासारखं आहे. कोकरू गेलं तर ते चिडतात, पण लांडगा संपावा असं त्यांतले सगळे म्हणत नाहीत.

सातारकर

शेजारच्या जिल्ह्यातून एक काळजीची सूचना. आमचं कास पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं, साडेआठशेच्या वर सपुष्प वनस्पतींची नोंद असलेली जागा. त्यानंतर जी गर्दी लोटली ती आवरायला ऑनलाइन नोंदणी आणि रोजची मर्यादा आणावी लागली. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, मातीचा थर बोटभर असतो. सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू ही फुलं त्याच थरात उगवतात आणि एक बूट पडला की तो थर निघतो. औदुंबरची मगर आणि आटपाडीचा माळ यांचं असं होऊ देऊ नका. नेमकी जागा, नेमकं घरटं फेसबुकवर टाकायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर तो लावता येत नाही.

आणि एखादा रविवार कराडला या. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तुमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनाही आठवतो. धरणाच्या पाण्यामुळं भूकंप होतात का, हे तपासायला कोयना भागात गोठणे इथं तीन किलोमीटर खोल विंधन घेतलं गेलं. वरचा साधारण सव्वा किलोमीटर आपला काळा कातळ, त्याखाली ग्रॅनाइट. ते काम बघणारं केंद्र कराडजवळ हजारमाचीला आहे. आपल्या पायाखालचा खडक तीन किलोमीटरपर्यंत कसा आहे हे मुलांना कळायला हवं.

मे महिन्यासाठीही एक. सांगलीत ७ मेच्या आसपास आणि साताऱ्यात १०-११ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी साधारण साडेबाराला. ऑगस्टच्या सुरुवातीला तो परत येतो, पण तेव्हा आपल्याकडं ढग असतात. तुमच्या-आमच्या तारखांत तीन-चार दिवसांचं अंतर का, हे दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांना फोन करून काढावं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचं वाचून ठरवतेय, कुणाला अडचण असेल तर लगेच सांगा.

९ नोव्हेंबर: सकाळी पक्षीफेरी, आणि ज्यांना सकाळ जमत नाही त्यांच्यासाठी दुपारी चारला घाटावर पुन्हा तीच फेरी. आमराई_फेरी, दोन्ही वेळा तुम्हालाच यावं लागेल. स्वच्छतागृहाचा पत्ता पत्रकात पहिल्या ओळीत छापते. १३ डिसेंबरची रात्र आटपाडीला, सकाळी माळ आणि मेंढपाळांशी गप्पा. ११ जानेवारी गुरू आणि त्याचे चार चंद्र, शाळेच्या गच्चीवर. ग्रहणाचं अंगणवाडीतलं काम फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. शिराळ्याची तारीख शिराळकर ठरवतील. मेमध्ये आधी शून्य सावली आणि मग हरिपूरची चाल. हरिपूरकर, भिंतींच्या मालकांना आत्तापासून विचारून ठेवा.

मगरीचं भाषण मला लवकरात लवकर, थंडी वाढायच्या आत घ्यायचंय. ९ तारखेलाच संध्याकाळी पलूसला येऊ का?

पलूसकर_मळीवाला

बाई, ९ ला नको. त्या आठवड्यात आमच्या फीडरला लाईट रात्रीची हाय. रात्रभर पाणी पाजलेला माणूस संध्याकाळी झोपतोय, कोण येणार न्हाई. त्याच्या म्होरल्या आठवड्यात दिवसाची लाईट हाय. तवा संध्याकाळी सात वाजता समदे मोकळे असत्यात.

कृष्णाकाठ

मग १६ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी सात. गावातल्या कार्यक्रमांना दुसऱ्या रविवारची सक्ती नको. लाईटचं वेळापत्रक बघूनच तारीख धरायची. दादा, दर महिन्याचं वेळापत्रक लागलं की मला फोटो पाठवत जा.

पलूसकर_मळीवाला

पाठवतो. देवळाच्या पारावर घिऊ, तिथं बल्ब हाय, बायकांना बसाय सतरंजी टाकतो. मोटर मेकॅनिकला मी सांगतो, तो आमच्याच गल्लीतला हाय. वनपाल साहेबांना तेवढं तुम्ही कळवा, अन् अर्जाचे कागद जास्तीचे आणाय सांगा. गेल्या उन्हाळ्यात दोघांच्या शेळ्या गेल्यात, त्यांनी अजून कुठंच काय दिलेलं न्हाई.